एका गाण्याचे दोन सातबारे: स्वतंत्र कलाकारांनी गाण्याचा धंदा कसा उभा करायचा?



मसाले, शिवणकाम, मोबाइल रिपेअरिंग, टिफिन सर्व्हिस या धंद्यांवर आपण भरपूर बोललो. पण हल्ली एका वेगळ्याच गटाचे मेसेज वाढलेत. कुणी भजनी मंडळात गातो, कुणी कोळीगीतं लिहितो, कुणी मोबाइलवर बीट बनवून मराठी रॅप करतो, कुणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "ताई, गाणं नेटवर टाकलं, आता पैसे कधी येणार?"

त्यावर माझा उलटा प्रश्न असतो. ते गाणं कुणाच्या नावावर आहे?

इथे बहुतेक जण गप्प होतात. जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो. दुकान भाड्याने घेताना करार वाचतो. पण गाणं देताना "भाऊ, आपलंच चॅनेल आहे, टाकून देऊ" एवढ्यावर काम होतं. म्हणून आज ॲप आणि टूल्सची यादी नंतर, आधी मालकी. कारण मालकी दुसऱ्याची असेल, तर जगातलं सगळ्यात भारी टूल वापरून तुम्ही दुसऱ्याचंच दुकान चालवताय.

१. एका गाण्याचे दोन सातबारे असतात

ही गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं सोपं आहे.

पहिला सातबारा रचनेचा. म्हणजे शब्द आणि चाल. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. दुसरा सातबारा रेकॉर्डिंगचा, ज्याला इंडस्ट्रीत "मास्टर" म्हणतात. ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते रेकॉर्डिंग करवून घेतलं, तो साधारणपणे त्याचा मालक. तुम्ही स्टुडिओला पैसे देऊन स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं, तर मास्टर तुमचा. एखाद्या चॅनेलवाल्याने सगळा खर्च केला, तर मास्टर त्याचा. आणि गाणारा, वाजवणारा माणूस यापैकी कुणीच नसला, तरी कायद्यात "परफॉर्मर" म्हणून त्याला वेगळे हक्क आहेत.

उदाहरण घरचंच घेऊ. तुकोबांचे अभंग कुणीही गाऊ शकतं, त्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. पण लतादीदींनी गायलेल्या तुकोबांच्या अभंगांना श्रीनिवास खळे यांनी चाली लावल्या. खळेकाका २०११ मध्ये गेले. आपल्या कायद्यात रचनेचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे त्या चालींचा हक्क २०७१ संपेपर्यंत जिवंत आहे. आणि ते जुनं रेकॉर्डिंग ही तिसऱ्याच कुणाची मालमत्ता. शब्द मोकळे, चाल राखीव, रेकॉर्डिंग वेगळ्या मालकाचं! त्यामुळे "अभंग आहे, कुणाचा हक्क असणार?" असं म्हणून त्याच चालीत अल्बम काढू नका. स्वतःची चाल लावा. मग चालही तुमची आणि मास्टरही तुमचा.

कॉपीराइट मिळायला नोंदणी सक्तीची नाही. रचना लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवली की हक्क सुरू होतो. पण वाद झाला तर पुरावा लागतो. म्हणून पहिलं मोबाइल रेकॉर्डिंग, शब्दांचा कागद आणि तारखा असलेले मेसेज डिलीट करू नका. महत्त्वाच्या गाण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या कॉपीराइट ऑफिसच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येते.

२. सही करण्याआधी हे सहा प्रश्न विचारा

एखादं चॅनेल किंवा छोटी कंपनी म्हणते, "गाणं आम्हाला द्या, दहा हजार देतो." दहा हजार कमी की जास्त, हा नंतरचा प्रश्न. आधी हे विचारा:

• तुम्ही काय घेताय: फक्त मास्टर, की शब्द आणि चालसुद्धा?
• किती वर्षांसाठी?
• कुठल्या भागासाठी: भारत, की सगळं जग?
• कुठल्या माध्यमासाठी: यूट्यूब, ऑडिओ ॲप, सिनेमा, जाहिरात, कॉलर ट्यून?
• एकरकमी पैशांशिवाय उत्पन्नात माझा वाटा किती, आणि हिशोब कधी दाखवणार?
• माझंच गाणं मी स्टेजवर गायलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला, तर चालेल का?

कायदा इथे तुमच्या बाजूने थोडा झुकलेला आहे. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कंपनीला लिहून देऊनही सोडता येत नाही. पण कागदावर "कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी, सर्व माध्यमांसाठी" असं लिहिलं असेल आणि खाली तुमची सही असेल, तर ती मुदत आणि तो प्रदेश तुम्हीच मान्य केलाय. म्हणून घाईत सही नको. "उद्या सांगतो" म्हणायला पैसे लागत नाहीत.

मित्रामित्रांत काम असेल तरी कागद कराच. एका पानावर गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, मास्टरचा खर्च कुणी केला, कुणाचा वाटा किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. भांडण पैसा नसताना होत नाही, गाणं चालायला लागल्यावर होतं. आणि तेव्हा हाच कागद मैत्री वाचवतो.

रॅपवाल्या मित्रांसाठी एक जादा सूचना. ऑनलाइन विकत घेतलेली बीट बहुतेक वेळा "लीज"वर असते, म्हणजे भाड्याने. किती स्ट्रीमपर्यंत वापरायची, व्हिडिओत चालते की नाही, हे लायसन्सच्या पीडीएफमध्ये असतं. ते वाचा आणि जपून ठेवा.

३. स्ट्रीमिंग ही पाटी आहे, गल्ला नाही

मी दुकान चालवते. बाहेरची पाटी चमकदार असली तर गिऱ्हाईक आत येतं, पण पाटीतून पैसे पडत नाहीत. स्पॉटिफाय, जिओसावन, गाना, यूट्यूब म्युझिक हे सगळं नव्या कलाकारासाठी पाटीचं काम करतं.

तिथे "एका प्लेला इतके पैसे" असा ठरलेला दर नसतो. जमलेल्या रकमेतून एकूण ऐकण्यात तुमच्या गाण्याचा जेवढा वाटा, तेवढे पैसे. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून नियम असा आहे, की मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी सुरूच होत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज.

निराश होऊ नका. फक्त हिशोब बदला. गल्ला कुठे भरतो? कार्यक्रमात. क्लासमध्ये. हळदीच्या, बारशाच्या, दुकानाच्या उद्घाटनाच्या ऑर्डरच्या गाण्यात. स्थानिक दुकानांच्या जिंगलमध्ये. शाळेच्या स्नेहसंमेलनात. ॲपवरचं गाणं ऐकून माणूस फोन करतो आणि तो फोन पैसे देतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या वर्णनात, प्रत्येक प्रोफाइलवर कामाचा नंबर हवाच. उत्तम गाणं आणि खाली नंबरच नाही, म्हणजे दुकान उघडं पण काउंटरवर माणूस नाही.

आणि हो, "पाचशे रुपयांत दहा हजार व्ह्यूज" वाल्यांपासून लांब राहा. खोटे स्ट्रीम पकडले गेले तर गाणंच काढलं जाऊ शकतं, आणि खोटा श्रोता कार्यक्रमाला येत नाही.

४. गाणं ॲपवर जातं कसं?

स्पॉटिफायला तुम्ही थेट गाणं देऊ शकत नाही. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो, आपल्या भाषेत होलसेलर समजा. निवडताना त्याचा पैसे घेण्याचा प्रकार बघा:

• वर्षाची फी, हवी तेवढी गाणी: डिस्ट्रोकिड याच प्रकारचं. महिन्याला गाणं काढणाऱ्याला परवडतं. पण फी थांबली तर गाणी काढली जाऊ शकतात, ही अट आधी वाचा.
• एका रिलीजची एकदाच फी, वर थोडं कमिशन: सीडी बेबी डिजिटल उत्पन्नातले ९ टक्के ठेवते. वर्षातून एखादंच गाणं काढणाऱ्यासाठी बरं.
• सुरुवातीला शून्य फी, उत्पन्नात वाटा: राउटनोटच्या मोफत योजनेत १५ टक्के त्यांचे. हातात भांडवल नसेल तर इथून सुरू करा.

डिस्ट्रिब्युटरकडून प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी मिळतो. हा १२ अक्षर-अंकांचा कोड म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा आधार नंबर. वहीत लिहून ठेवा. उद्या डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच कोड द्यायचा, म्हणजे जुने स्ट्रीम त्याच गाण्याच्या नावावर राहण्याची शक्यता वाढते.

तयारी काय लागते? वेव्ह फॉरमॅटमधलं गाणं, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी कव्हर, गीतकार-संगीतकाराची पूर्ण नावं, आणि भाषा म्हणून "मराठी" निवडणं. इंग्रजी अक्षरांत तुमच्या नावाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि कायम तेच ठेवा. एका गाण्यात एक आणि दुसऱ्यात एक स्पेलिंग असेल, तर ॲपला तुम्ही दोन वेगळे कलाकार वाटता.

आता वेळापत्रक. दिवाळीचा माल दुकानदार दिवाळीच्या आदल्या दिवशी भरत नाही. मग गणपतीचं गाणं चतुर्थीच्या आठवड्यात का रेकॉर्ड करता? आपलं कॅलेंडर किती छान आहे बघा: १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची भीमजयंती, उन्हाळ्यातली लगीनसराई, आषाढी, गणपती, नवरात्र. सणाच्या आधी दोन-तीन आठवडे गाणं लोकांच्या कानावर यायला हवं. त्याच्याआधी तीन-चार आठवडे डिस्ट्रिब्युटरकडे. म्हणजे सणाच्या दोन महिने आधी मास्टर तयार. "स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स" हे मोफत खातं उघडलंत, तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी गाणं त्यांच्या प्लेलिस्टवाल्यांकडे पाठवता येतं. एकदा रिलीज झाल्यावर ती संधी गेली.

यूट्यूबच्या "कंटेंट आयडी"बद्दलही ऐकलं असेल. तुमचं गाणं दुसऱ्याने वापरलं तर ही यंत्रणा ते ओळखते आणि कमाई तुमच्याकडे वळवू शकते. पण गाण्यात सगळ्यांना मिळणारे तयार लूप किंवा भाड्याची बीट असेल, तर ते कंटेंट आयडीत टाकू नका. तीच बीट वापरणाऱ्या दुसऱ्या कलाकारावर उगाच दावा जातो आणि भांडण तुमच्या अंगावर येतं.

५. दुसऱ्या सातबाऱ्याचे पैसे वेगळ्या खिडकीवर

डिस्ट्रिब्युटर देतो ते मास्टरचे पैसे. शब्द आणि चालीचे पैसे तिथे मिळत नाहीत! ते गोळा करणारी भारतातली संस्था म्हणजे आयपीआरएस, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ही १९६९ पासून आहे, ऑफिस मुंबईत. गीतकार, संगीतकार तिचे सदस्य होतात, ती रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम, स्ट्रीमिंग अशा ठिकाणांहून लायसन्स फी जमा करते आणि सदस्यांना वाटते. तुम्ही स्वतः लिहिता किंवा चाल लावता आणि गाणं प्रसिद्ध झालंय, तर सदस्यत्वासाठी ऑनलाइन अर्ज करा आणि प्रत्येक नवं गाणं तिथे नोंदवा. न नोंदवलेल्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचणार कसे?

६. कमी खर्चाची साधनं

रेकॉर्डिंग: कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी मोफत आहे, मोबाइलवर बँडलॅब. ॲपलचा फोन असेल तर गॅरेजबँड. रीपर ६० दिवस वापरून मग घेता येतं. महागड्या माइकआधी खोली सुधारा. पंखा बंद, भिंतीवर गोधड्या, कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड. निम्मा घुमारा तिथेच जातो. स्टुडिओत गेलात तर फक्त एमपी३ घेऊन येऊ नका. मास्टर, फक्त संगीत आणि फक्त आवाज अशा तिन्ही फाइल मागा, दोन ठिकाणी सेव्ह करा. पुढे शाळेच्या कार्यक्रमाला ट्रॅक लागतो तेव्हा हीच फाइल विकली जाते.

पोस्टर: कॅनव्हामध्ये मराठी फाँट आहेत. कव्हर, कार्यक्रमाचं पोस्टर, दरपत्रक, सगळं एका रंगसंगतीत करा.

ग्राहक: व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग बनवा: "हळदीचा कार्यक्रम, दोन तास", "भजनसंध्या", "ऑर्डरचं गाणं". ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. म्हणून कार्यक्रम संपल्यावर स्टेजवरूनच सांगा, "नंबर सेव्ह करा."

क्लास: झूमवर शिकवत असाल तर सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करा. नाहीतर ॲपला तुमचा तानपुरा म्हणजे गोंगाट वाटतो आणि तो कापून टाकतं. झूमच्या मोफत मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा आहे, धडा त्यात बसवा. परदेशातली मराठी कुटुंबं मुलांसाठी असे क्लास शोधत असतात. आपली रविवारची सकाळ म्हणजे अमेरिकेतली शनिवारची संध्याकाळ किंवा रात्र, ही बॅच आधी भरा.

७. कार्यक्रमाचं कोटेशन: आधी खर्च, मग आकडा

"किती घेणार?" या प्रश्नाला तोंडाला येईल तो आकडा सांगू नका. बीबीएत शिकलेलं कॉस्टिंग मला दुकानात रोज लागतं, तुम्हालाही लागेल. समजा तालुक्याच्या गावी दोन तासांचा कार्यक्रम आहे:

• तीन साथीदार, प्रत्येकी २,५०० रुपये: ७,५००
• गाडी आणि डिझेल: ३,५००
• जेवण-चहा: १,०००
• सरावाचा खर्च: १,०००
• वाद्यांची झीज, वायर, दुरुस्ती: ५००

एकूण १३,५००. तुम्ही १५,००० सांगितले तर हातात १,५०० उरले. सरावाचा एक दिवस, कार्यक्रमाचा एक, फोनाफोनी आणि ठरवाठरवीचा अर्धा. अडीच दिवसांचे दीड हजार, म्हणजे दिवसाला ६०० रुपये. तुम्हाला दिवसाला २,००० हवेत तर कोटेशन १८,५०० चं जायला पाहिजे. आता घासाघीस झाली तरी कुठे थांबायचं, ते तुम्हाला माहीत आहे. दर कमी करायचा तर साथीदार किंवा वेळ कमी करा, स्वतःची मजुरी नाही.

कोटेशनमध्ये या ओळी नक्की टाका: निम्मे पैसे ॲडव्हान्स, बाकी स्टेजवर चढण्याआधी, साउंड कुणाचा, परवानग्या आयोजकांच्या, आणि लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. रात्री १० ते सकाळी ६ हा कायद्याचा नियम आहे, सवलत फक्त सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशी. "अजून एक गाणं" चा आग्रह होतो तेव्हा हीच ओळ तुमच्या कामी येते.

८. कागदपत्रं आणि टॅक्स

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. कामासाठी बँक खातं वेगळं ठेवा. कंपनी किंवा मोठी संस्था पैसे देताना टीडीएस कापते, तो तुमच्या पॅनवर दिसतो का ते तपासा. रिटर्न भरला नाही तर तो परत मागता येत नाही. जीएसटी सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागतो. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातल्या कलाकाराची एका कार्यक्रमाची फी दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटीची सूटही आहे. तुमचा कार्यक्रम त्यात बसतो का, ते सीएला विचारा.

पुढच्या ३० दिवसांचं काम

पहिला आठवडा: आतापर्यंतच्या प्रत्येक गाण्याचे दोन्ही सातबारे वहीत लिहा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, मास्टर कुणाचा, कागद कुठे आहे. जिथे कागद नाही तिथे साथीदारांना भेटून एक पान करून घ्या.

दुसरा आठवडा: व्हॉट्सॲप बिझनेस, दरपत्रक, आणि सगळ्या प्रोफाइलवर एकच नाव, एकच फोटो, एकच नंबर.

तिसरा आठवडा: डिस्ट्रिब्युटर निवडा, आयपीआरएसचा अर्ज सुरू करा, उद्यम नोंदणी करा.

चौथा आठवडा: पुढचा सण निवडा, दोन महिने मागे मोजा आणि स्टुडिओची तारीख पक्की करा.

गळा देवाने दिला, रियाज तुम्ही केला. पण गाणं कुणाच्या नावावर राहणार, हे ठरतं सहीच्या दिवशी. त्या दिवशी पेन हातात घेण्याआधी वरचे सहा प्रश्न एकदा मोठ्याने वाचा, समोरच्याला ऐकू जातील असे. आणि उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत गात राहा आणि हिशोब ठेवत राहा!